फिल्टरला ‘हवा मारणं’ आता बंद करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुलेवाडीहून कळे गावाकडच्या शेतावर माझी आठवड्याला तीनदा फेरी असते. ऊसतोड लागली की शेताची वाट ट्रॅक्टरांनी पिठासारखी होते, वर जाळलेल्या पाचटाची काजळी. अशा वेळी दर दोन महिन्यांनी मी गाडीचा एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा कागद, गॅरेजात दाखवायचो. पोरगं तो कॉम्प्रेसरखाली धरायचं. “काका, हवा मारली की नव्यासारखा हुतंय बघा!” मीही मान डोलवायचो.

गेल्या महिन्यात म्हटलं, आपणच उघडून बघू. किल्ली काढून घेतली, इंजिन गार होऊ दिलं, फिल्टरच्या डब्याच्या चार क्लिपा सोडवल्या. डब्यात उंदरानं नेलेली शेंगांची टरफलं होती, त्याचं एवढं काही नाही. फिल्टर मात्र बल्बसमोर धरला तर घडीत दोन बारीक भोकं. फिल्टरच्या पलीकडचा, इंजिनाकडचा भाग स्वच्छ असायला हवा. तिथं बोट फिरवलं, बोटाला धूळ.

मी तीस वर्षं शिरोली एमआयडीसीत सिलिंडरचे बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती आतली पोकळी, होनिंग केले, म्हणजे घासून गुळगुळीत केले. तिथं हिशेब मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू बिडाहून, म्हणजे ओतीव लोखंडाहून, कठीण, हे आपल्या फाउंड्रीवाल्यांना सांगायला नको. ती बोअरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि बोअर घासतात, मग गाडी ऑईल खाते. मळका फिल्टर हवा अडवतो, गाडी ओढत नाही, एवढंच. फाटका फिल्टर इंजिन खातो. आणि कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेनं फिल्टरचा कागद फाटतो. धुवायचा तर तो मुळीच नाही.

नवा फिल्टर चारशेच्या आत आला. बसवण्याआधी इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, कचरा आत पडू नये म्हणून, मग ओल्या फडक्यानं डबा पुसला. (ते फडकं काढायला विसरू नका. मला क्लिपा लावता लावता आठवलं!) नळीजवळच्या सेन्सरला हात लावला नाही. फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून बसली का ते बोटानं चाचपलं, कारण कड दुमडली तर धूळ बाजूनं शिरते, फिल्टर असून नसल्यासारखा. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चाळीस हजार किलोमीटरला बदला असं आहे, पण धुळीच्या रस्त्यांना त्याआधी, असंही त्याच पानावर छापलंय. ते मी इतकी वर्षं वाचलंच नव्हतं.

गॅरेजवाल्यांना माझी एक विनंती आहे. फिल्टर बदलल्याचं बिल लावलं की जुना फिल्टर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मी मागितला तेव्हा “कचऱ्यात टाकला” असं उत्तर मिळालं, आणि मागच्या सर्व्हिसला खरंच बदलला होता का, हे मला आजही ठाऊक नाही.

आपला,
एक निवृत्त कामगार, फुलेवाडी, कोल्हापूर