भाडेकरार कुणाच्या नावावर?

सांगली,
१४ सप्टेंबर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

मायन्यालाच अडलो. चौतीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले, ‘कु.’ की ‘सौ.’ असा प्रश्न कधी पडला नव्हता. शेवटी दोन्ही खोडलं.

गौरी जेवायच्या दिवशी तू पहाटेच्या एसटीने न जेवता गेलीस. आईने तुझं पान वाढलं होतं, ते दुपारी गाईला घातलं. टोचून बोलायला लिहीत नाही. (तेच करतोय खरं तर.) फोनवर मी ओरडतो आणि तू कट करतेस, म्हणून कागद घेतला.

भांडायचं नाही असं ठरवलंय. एकच विचारतो. तू आणि तो मुलगा लग्न न करता राहता, त्या बाणेरच्या फ्लॅटचा भाडेकरार कुणाच्या नावावर आहे? दोघांच्या, की त्याच्या एकट्याच्या? नोंदवलाय ना? ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ असं एजंट सांगतात, ते आपल्याकडे खोटं आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ : करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. त्याच्या एकट्याच्या नावावर असला आणि उद्या तुमचं बिनसलं, तर बॅग घेऊन तू जिन्यात उभी. रात्री दोन वाजता जाग येते तेव्हा मला तो जिनाच दिसतो. बाकीच्या गोष्टींत मी पडत नाही, आईने विचारायचं ते विचारलंय.

‘लोक काय म्हणतील, एवढंच ना?’ असं तू म्हणालीस. मग ऐक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या बाईलाही संरक्षण आहे. पण ‘लग्नासारखं’ म्हणजे काय, ते सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितलं. दोघं सज्ञान हवीत, लग्नाला मोकळी हवीत, आपखुशीने बराच काळ एकत्र राहिलेली हवीत, आणि जगासमोर नवरा-बायकोसारखी वावरणारी हवीत. नुसत्या शनिवार-रविवारच्या सोबतीला ते लागू नाही. म्हणजे कोर्टसुद्धा शेवटी लोकांनाच विचारतं बघ. आणि तू तर सोसायटीत त्याला ‘मावसभाऊ’ करून ठेवलायस.

झालं, लागलो कलमं सांगायला. माफ कर. दुसरं काही येत नाही मला.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर नोटीस तीस दिवस विवाह नोंदणी कचेरीच्या फळ्यावर लागते. आम्ही चहा पिता पिता ती नावं वाचायचो, आडनावं जुळवायचो, आणि काय काय बोलायचो. त्यातली एक मुलगी माझ्याकडेच प्रतिज्ञापत्र लिहून घ्यायला आली होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला. घाईत घराबाहेर पडली असणार. चहावाल्याला मी हसत हसत ते दाखवलं होतं. परवा तू अंधारात बॅग उचललीस तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदा तुझ्या चपलांकडे गेलं.

त्या मुलाचं आडनाव मी विचारलं नाही, हे माझ्या खात्यात जमा धरू नकोस. तोंडाशी आलं होतं.

ॲपवर भेटलात याचाही मी उगाच बाऊ केला. तुझा फोटो आपणही पैसे भरून साइटवर टाकलाच होता, आत्याने तर सूचक केंद्रातही. तिथे पत्रिका आणि पगार मी बघत होतो, एवढाच फरक.

आणि आमचं तरी काय होतं? तुझ्या आईला मी मामांच्या घरी वीस मिनिटं बघितलं आणि मार्केट यार्डाजवळ राहायला आणलं. हळदीचा हंगाम सुरू झाला की तिचे डोळे वाहायचे. मला वाटायचं, माहेर आठवतंय. त्या दिवसांत मी तिला दोनदा माहेरी सोडूनही आलो. हळदीची धूळ तिला सोसत नाही हे दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं. तिने बोलायचं नसतं, असं शिकवून पाठवलेलं. ‘आज भांडी तुझी’ असं तू त्याला फोनवर ठणकावलंस ना, तेव्हा आई आत हसत होती. मलाही बरं वाटलं होतं. पण मी तेव्हा ओरडण्यात होतो.

तरी मनू, लग्न मोडायला आलं तर चार माणसं मधे पडतात. मिरजेच्या घरी बिनसलं तेव्हा ती माणसं अख्खी रात्र आपल्या सोप्यात बसली होती, आठवतं? तुमचं बिनसलं तर कोण बसणार? ‘लग्न करा’ असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतो, पण या पत्रात नाही.

वांगी आणि भडंग ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवतोय. वांगी देठासकट भर, नाहीतर रश्श्यात फुटतात, असा आईचा निरोप आहे.

तुझा,
बाबा

ता. क. कराराचा फोटो पाठव. मुदत संपत आली असेल तर नवा मसुदा मीच करून देतो, दोन्ही नावं टाकून. त्याचं पूर्ण नाव कळव, आधारवर आहे तसं.