पंचवटीतल्या रेकॉर्डिंगवाल्या दादांना, जाहीर थँक्यू

दादा, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

तुमचं काम भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगचं आणि मी आले छातीतले आवाज घेऊन! मेडिकलला मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जादा आवाज, शब्दांत शिकवतात, हार्श, ब्लोइंग, रंबलिंग वगैरे, आणि वॉर्डात स्टेथो लावला की सगळं एकच लबडब, वर पंखा गरगरतोय, शेजारच्या बेडवर कोणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू. नाडी 72 धरली तरी एक ठोका जेमतेम 0.8 सेकंदाचा, त्यात कुठला आवाज आधी नि कुठला नंतर हे कानाने पकडणार कसं?

तुम्ही माझी हृदयाच्या आवाजांची ट्रेनिंगची फाईल ऑडॅसिटीत, म्हणजे तुमच्या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधे टाकली, आडवी ताणली आणि विचारलंत, "हे दोन खांब कसले गं?" पहिला एस वन, लबडबमधला लब, मायट्रल-ट्रायकस्पिड झडपा मिटतात तो, दुसरा एस टू, म्हणजे डब, एऑर्टिक-पल्मोनरी झडपांचा. एऑर्टिक स्टेनोसिसचा (स्टेनोसिस म्हणजे झडप अरुंद होणं) मर्मर त्या दोघांच्या मधे शंकरपाळ्यासारखा, चढतो आणि उतरतो. मायट्रल रिगर्जिटेशनचा (झडप गळून रक्त मागे येतं तो) मात्र एस वनपासून एस टूपर्यंत सलग पट्टा. परीक्षेसाठी ही चित्रं काढलीच होती हो, पण आवाज कानात चालू आणि समोर रेघ सरकतेय, तेव्हा कुठे ते डोक्यात बसलं. (तसं हे काही नवीन नाही, ईसीजीवाल्या आईन्थोव्हेननं 1894 मधेच हृदयाचे आवाज रेघेत उतरवले होते, आमच्याकडे दाखवत कोणी नाही एवढंच.) मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाची पट्टी खालची की वरची ते दाखवणारं चित्र, मायट्रल स्टेनोसिसची घरघर पार तळाशी आणि एऑर्टिक रिगर्जिटेशनचा बारीक आवाज वरच्या बाजूला. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकते म्हटल्यावर तुम्ही कपाळावर हात मारलात, "त्यात खालचं काही येतच नाही!" आणि स्वतःचे हेडफोन दिलेत. एस थ्रीसारखा, म्हणजे एस टूनंतर कधीकधी येणारा तिसरा, खालच्या पट्टीतला आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला.

पण खरं थँक्यू स्क्रीन बंद केल्याबद्दल. मला नुसतं बघत बसायची सवय लागायला लागली होती ना, तर तुम्ही म्हणालात आधी ऐक, कागदावर काढ, मग बघ. वैताग आला होता तेव्हा. नंतर वॉर्डात दिंडोरीकडचे एक आजोबा आले, मानेवर बोट ठेवून नाडी धरली, स्टेथो लावला आणि आवाज मधे चढतोय-उतरतोय ते सरळ कळलं, मानेतही ऐकू येत होता, टू-डी एकोतही एऑर्टिक स्टेनोसिसच निघाला. तिथे कुठला लॅपटॉप होता!

रविवारी आमचे ज्युनियर घेऊन येतेय. श्वास आत घेतला की एस टू फुटून दोन होतो, त्याची फाईल मिळाली आहे, फट अगदी बारीक असते, तेवढी झूम करून दाखवा. आणि हेडफोन अजून थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या, प्लीज.