इराणच्या प्राचीन स्थळांची ओळख ग्रीक नावांतूनच कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इराणमधील प्राचीन स्थळांच्या सहलीविषयी नुकताच प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. शिराज, पर्सिपोलिस आणि इस्फहान पाहून आलेल्या लेखकाने माहिती नेटकी दिली आहे आणि त्या माहितीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला खटकली ती नावे. सायरस, डॅरियस, झर्क्सीज, आर्टाझर्क्सीज ही प्राचीन इराणी सम्राटांची नावे आणि पर्सिपोलिस हे त्यांच्या राजधानीचे नाव, ही सगळी ग्रीकांनी आपल्या जिभेच्या सोयीने वळवून घेतलेली आणि पुढे लॅटिन व इंग्रजीच्या वाटेने झिजत आपल्यापर्यंत आलेली नावे आहेत. मराठी वाचकाला त्या राजांची आणि त्या जागांची मूळ नावे या परक्या नावांपेक्षा किती तरी जवळची वाटतील, इतकेच नव्हे तर त्या नावांमुळे तेथे गेल्यावर वेगळे काही दिसेल, असे माझे स्वतःच्या प्रवासानंतर झालेले मत आहे.

काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका सहलीतून गेलो होतो. शिराजपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या त्या अवशेषांसमोर आमची गाडी उभी राहिली तेव्हा स्थानिक वाटाड्या ‘तख्त-ए-जमशीद’ म्हणत होता आणि आमच्या सहलीचे व्यवस्थापक प्रत्येक वेळी त्याला थांबवून ‘म्हणजे पर्सिपोलिस’ अशी दुरुस्ती करत होते. तो ‘दारयूश’ म्हणाला की हे ‘डॅरियस’ म्हणत. दोन तासांपेक्षाही कमी वेळ मिळाला आणि त्यातला बराचसा भाग सिकंदराची मेजवानी, मद्य आणि इ.स.पू. ३३० मध्ये लागलेली आग यांच्या कथेत गेला. आग लागली हे खरेच आहे. परंतु ज्या वास्तूची उभारणी इ.स.पू. ५१८च्या सुमारास सुरू झाली आणि जी पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहिली, तिच्या दारात उभे राहून केवळ तिच्या शेवटच्या रात्रीची गोष्ट ऐकावी, हे चमत्कारिक आहे. कथा ज्या ग्रीकांकडून आली त्यांच्या दृष्टीने ती रात्रच महत्त्वाची होती, कारण ती त्यांच्या विजयाची रात्र होती.

आता नावांकडे वळतो. ज्याला आपण डॅरियस म्हणतो तो स्वतःच्या शिलालेखांत स्वतःला ‘दारयवउश’ म्हणवतो. ‘दारय’ म्हणजे धारण करणारा आणि ‘वहु’ म्हणजे चांगले. संस्कृतातील ‘धारय’ आणि ‘वसु’ यांची ही सख्खी भावंडे आहेत. त्याच्या मुलाचे, म्हणजे झर्क्सीजचे, खरे नाव ‘ख्शयार्शा’. त्यातील पहिला भाग राज्य करण्याचा अर्थ देणारा आहे. आर्टाझर्क्सीज हे तोंडात गोटी धरून उच्चारावे असे नाव मुळात ‘अर्तख्शस्स’ या धाटणीचे आहे आणि त्यात ‘ऋत’ व ‘क्षत्र’ हे आपल्या ओळखीचे दोन्ही शब्द बसलेले आहेत. हेच नाव झिजत झिजत ‘अर्देशिर’ झाले, आणि अर्देशिर नावाचा माणूस मुंबईत कोणाला नवा नाही. म्हणजे जे नाव पारशी समाजामुळे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे, तेच नाव आपण वर्तमानपत्रात छापताना मात्र अथेन्सहून लंडनमार्गे मागवतो.

स्थळांच्या नावांची गंमत याहून मोठी आहे. ‘पर्सिपोलिस’ला तिच्या बांधकाम करणाऱ्यांनी ‘पार्स’ हेच नाव दिले होते. प्रांताचे आणि लोकांचे जे नाव तेच त्या नगराचे. साम्राज्य गेले, खिळ्यांच्या आकाराच्या खुणांची कीलाक्षर लिपी वाचणारे गेले, आणि काही शतकांनी तेथे येणाऱ्यांना या उंच खांबांचा धनी कोण हे ठाऊक राहिले नाही. सासानी या नंतरच्या इराणी राजघराण्याच्या काळातील, इ.स.च्या चौथ्या शतकाच्या आरंभीच्या, तेथेच कोरलेल्या एका लेखात या जागेला ‘सद-स्तून’ म्हटले आहे, म्हणजे शंभर खांबांची जागा. ‘शत’ आणि ‘स्थूणा’ हे शब्द ज्यांना माहीत आहेत त्यांना भाषांतराची गरज पडू नये. त्यानंतर लोकांनी ही वास्तू पुराणातल्या जमशीद राजाच्या पदरात टाकली आणि ती ‘तख्त-ए-जमशीद’ झाली. हा जमशीद म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथातील, अवेस्तातील, ‘यिम’, आणि यिम म्हणजे आपल्या वेदांतला विवस्वानाचा पुत्र यम. आपल्याकडे यम मृतांचा राजा झाला, तिकडे तो सुवर्णयुगाचा राजा राहिला. एवढे सांगणारा वाटाड्या मिळाला असता तर हे महाल ज्यावर उभे आहेत त्या ओट्याच्या पायऱ्या चढताना आमच्यापैकी निम्मे लोक तरी मोबाइल खिशात ठेवून चालले असते.

या पायऱ्यांविषयी आणि पुढच्या शिल्पांविषयी दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात. मुख्य जिना दोन्ही बाजूंनी चढत जातो आणि त्याच्या प्रत्येक बाजूच्या १११ पायऱ्या इतक्या बुटक्या आहेत की लांब झग्यातील माणसालाही डौल न मोडता वर जाता यावे. पुढे ‘अपादान’ नावाचा दरबाराचा महाल लागतो. त्याच्या ७२ खांबांपैकी १३ आज उभे आहेत. पण पाहायचे असते ते त्याच्या पूर्वेकडच्या जिन्यावर. हा जिना ढिगाऱ्याखाली गाडला गेला होता आणि १९३०च्या दशकात जर्मन पुरातत्त्वज्ञ हर्झफेल्ड यांच्या उत्खननात बाहेर आला. म्हणूनच त्यावरची कोरीव कामे उत्तरेकडच्या जिन्यापेक्षा कितीतरी स्पष्ट राहिली आहेत. साम्राज्यातील २३ प्रजांची शिष्टमंडळे येथे भेटी घेऊन येताना दाखवली आहेत. कोणी सिंहीण आणि तिचे छावे आणले आहेत, कोणी दोन वशिंडांचा उंट. त्यांतच ‘हिंदुश’ प्रांताचे, म्हणजे सिंधुकाठचे, लोक आहेत. अंगावर वरचे वस्त्र नाही, कमरेला आखूड वस्त्र, सोबत एक गाढव, आणि एकाच्या खांद्यावर चक्क कावड. तिच्या दोन टोपल्यांत सोन्याची धूळ भरलेल्या पिशव्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. आमच्या गटाला हा जिना दुरून दाखवण्यात आला, कारण जेवणाची वेळ झाली होती. मी मागे रेंगाळलो म्हणून ती कावड मला दिसली, आणि त्यासाठी गाडीत बोलणीही खावी लागली.

त्या ओट्यावर राजे राहत, पण तो बांधणारे कोण होते याचाही पुरावा तेथेच सापडला आहे. १९३३-३४ साली तटबंदीतून मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. इ.स.पू. ५०९ ते ४९३ या काळातील हा हिशेब बव्हंशी एलामी, म्हणजे नैर्ऋत्य इराणातील एका जुन्या, भाषेत आहे आणि त्यात कामकरी स्त्री-पुरुषांना मिळालेल्या धान्याच्या व मद्याच्या शिध्याच्या नोंदी आहेत. बाळंतिणींना जादा शिधा मिळत असे, पण मुलगा झालेल्या आईला मुलगी झालेल्या आईच्या दुप्पट. ग्रीक इतिहासकारांच्या मेजवान्यांपेक्षा ही एक नोंद त्या राज्याविषयी अधिक सांगून जाते, आणि ती कौतुकाचीच आहे असेही नाही.

तख्त-ए-जमशीदच्या जवळच नक्श-ए-रुस्तम आहे. कड्यात उंचावर हखामनी, म्हणजे दारयवउशच्या घराण्यातील, राजांची चार थडगी खोदलेली आहेत. त्यांतील दारयवउशचे थडगे त्यावरील लेखामुळे निश्चित ओळखता येते. खाली सासानी राजांची शिल्पे आहेत आणि त्यांतील एकात रोमन सम्राट व्हलेरियन शापूर राजापुढे शरण आलेला दिसतो. लोकांना या घोडेस्वारांत शाहनामा या फारसी महाकाव्यातील वीर रुस्तम दिसला, म्हणून हे नाव. शिराजपासून सुमारे १३० किलोमीटरवरच्या पासार्गादमध्ये कुरुशच्या, म्हणजे सायरसच्या, थडग्यालाही कित्येक शतके ‘सुलेमानच्या आईची कबर’ असे म्हणत असत, आणि या नावामुळेच ते तोडफोडीतून बचावले असे सांगतात. तेव्हा स्थानिक नावे अचूकच असतात असा माझा दावा नाही. ती चुकलेली आहेत हे तर उघड आहे. परंतु ती तेथे राहणाऱ्यांची चूक आहे, आणि त्या चुकीत त्यांच्या स्मरणाचा इतिहास आहे.

माझ्या मते या सगळ्यांत आपल्याकडच्या सहलींनी सर्वांत अन्यायाने वगळलेले ठिकाण म्हणजे बिसुतून. शिराज-इस्फहानच्या रुळलेल्या वाटेपासून ते दूर, पश्चिमेला केरमानशाहजवळ आहे, एवढेच त्याचे पाप. आजच्या फारसीत ‘बी-सुतून’ म्हणजे ‘बिनखांबांचे’, पण ही मागाहून जुळवलेली व्युत्पत्ती. मूळ शब्द ‘बगस्तान’, म्हणजे देवांचे स्थान. ‘भग’ हा वैदिक देव आणि ‘स्थान’, हे दोन शब्द मराठी माणसाला आणखी काय समजावून सांगायचे? बाबिलोनहून हमदानकडे जाणाऱ्या जुन्या राजमार्गावर, कड्यात माणसाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, दारयवउशने आपण गादी कशी मिळवली आणि बंडे कशी मोडली याची हकीकत प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिलोनी अशा तीन भाषांत कोरून ठेवली. हकीकत अर्थातच विजेत्याची आहे आणि तशीच ती वाचली पाहिजे.

या लेखाची नक्कल करणारा हेन्री रॉलिन्सन हा १८२७ साली मुंबई इलाख्यातील कंपनीच्या फौजेत दाखल झालेला अधिकारी होता आणि फारसी तो हिंदुस्थानातच शिकला. १८३५मध्ये केरमानशाहला नेमणूक झाल्यावर त्याने शिडीवरून लोंबकळत नकला घेण्यास सुरुवात केली. बाबिलोनी भाग तर १८४७ साली एका कुर्दी मुलाने कड्याला खुंट्या ठोकत, जीव धोक्यात घालून उतरवून दिला. त्या मुलाचे नाव इतिहासाने राखले नाही. प्राचीन फारसीचा उलगडा करण्याच्या कामात रॉलिन्सनबरोबरच ब्युर्नूफ आणि लासेन या संस्कृतज्ञांचाही मोठा वाटा आहे, कारण अवेस्ता आणि संस्कृत हाताशी असल्याशिवाय ही भाषा उघडलीच नसती.

या लेखाच्या आरंभी राजा स्वतःला ‘ख्शायथिय वझ्रक’ म्हणवतो, म्हणजे थोर राजा. ‘ख्शायथिय’चे पुढे ‘शाह’ झाले. ‘वझ्रक’चे मधल्या काळात ‘वुझुर्ग’ आणि मग ‘बुजुर्ग’ झाले, आणि आपल्या गावांच्या नावांमागे खुर्दच्या जोडीला लागणारे ‘बुद्रुक’ हे त्याचेच मराठी रूप. अडीच हजार वर्षांपूर्वी कड्यावर कोरलेली सम्राटाची पदवी आपण सातबाऱ्यावर रोज वाचतो आणि तो सम्राट मात्र आपल्याला ‘डॅरियस’ या नावानेच कळतो.

येथे एक सावधगिरीची सूचना मला स्वतःलाही करून घ्यावी लागते. शब्दांची ही जवळीक पाहून ‘म्हणजे ते सगळे मूळचे आपलेच’ असा निष्कर्ष काढण्याची घाई आपल्याकडे लगेच होते. प्राचीन फारसी आणि संस्कृत या बहिणी आहेत. एक दुसरीची आई नव्हे. शिवाय तख्त-ए-जमशीदवर एलामी लेखनिक, वायव्य इराणातले मीड, बाबिलोनी आणि मिसरी कारागीर यांचाही तेवढाच हात होता. शूश (ग्रीकांचे ‘सुसा’) या दुसऱ्या राजधानीतील महालाच्या पायाभरणीच्या लेखात तर सामान कुठून आले आणि काम कोणी केले याची यादीच दिलेली आहे: देवदार लेबनॉनचा, सोने सार्दिस (आजच्या तुर्कस्तानात) आणि बाख्त्रीचे (उत्तर अफगाणिस्तानाकडचे), हस्तिदंत कुश (इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश), हिंद आणि अराखोसियाचे (दक्षिण अफगाणिस्तान), विटा बाबिलोनी लोकांनी भाजलेल्या. शूशमध्ये आज जमिनीवर फार थोडे उरले आहे. रंगीत विटांचे धनुर्धारी पाहायचे तर पॅरिसच्या लूव्रमध्ये जावे लागते, हेही सहलीला निघणाऱ्याला आधी सांगितलेले बरे.

ग्रीक नावे हद्दपार करावीत असे मी सुचवत नाही. नकाशे, तिकिटे आणि परदेशी पुस्तके यांत तीच आढळतात आणि वाचकाची अडचण होऊ नये. माझी विनंती एवढीच आहे की प्रवासविषयक लेखांत प्रथम तेथील नाव द्यावे आणि ग्रीक नाव एकदाच, ओळखीपुरते, सोबत यावे. दारयवउश जड वाटत असेल तर आजचे इराणी लोक वापरतात ते ‘दारयूश’ छापावे. कुरुश, खशायारशा, अर्देशिर ही रूपेही देवनागरीत निमूटपणे बसतात. सहली आखणाऱ्यांनाही सुचवावेसे वाटते की तख्त-ए-जमशीदला अख्खी सकाळ द्यावी, नक्श-ए-रुस्तम दुपारी उन्हे कलल्यावर पाहावे आणि शक्य असेल तर एखादा बाजार वगळून बिसुतून यादीत घ्यावे. तेथे लेखाच्या जवळ जाता येत नाही, खालूनच पाहावे लागते. म्हणून सोबत चांगली दुर्बीण असावी. इराणला जाण्यायोग्य परिस्थिती आहे की नाही हे मात्र निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहूनच ठरवावे, आणि परदेशी बँकांची कार्डे तेथे चालत नसल्याने खर्चाची तरतूद रोखीत ठेवावी.

आपल्या पुरवणीत बिसुतूनवर स्वतंत्र लेख आला तर माझ्यासारख्या वाचकांना आनंद होईल.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक