भुलेतला तू

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला नीट पोचलास, मेसेज मिळाला. टाके कोरडे ठेव, जड उचलू नकोस. शेंगा चटणीचा डबा या वेळी बॅगेत मुद्दामच घातला नाही, महिनाभर तिखट बंद म्हणजे बंद.

आता तुझा प्रश्न. सिद्धेश्वरच्या देवळातून बाहेर पडताना तू म्हणालास, "भूल दिली आणि लगेच डोळे उघडले, मधला वेळ नव्हताच. झोपून उठल्यावर निदान झोपलो होतो असं वाटतं, इथे तेवढंही नाही. मग तुझा तो नित्य जागा आत्मा तेव्हा कुठे होता?" देवाच्या दारात असं बोलू नये, असं बाबांचं म्हणणं पडलं. मला उलट वाटलं, याहून चांगली जागा कुठली?

हा प्रश्न तुझ्याआधी इंद्राने विचारलाय. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात प्रजापती सांगतो, की जरा, मृत्यू, शोक, भूक, तहान यांच्या पलीकडचा तो आत्मा शोधावा. देवांकडून इंद्र येतो, असुरांकडून विरोचन. ३२ वर्षं राहिल्यावर प्रजापती दोघांना पाण्याच्या भांड्यात स्वतःला पाहायला लावतो. विरोचन शरीरालाच आत्मा समजून खुशीत घरी जातो. इंद्र अर्ध्या वाटेतून परत फिरतो: देह आंधळा-लंगडा झाला, तर हा आत्माही होणार. पुन्हा ३२ वर्षं. मग स्वप्नातला आत्मा सांगितला जातो, तोही त्याला पटत नाही. आणखी ३२ वर्षं. मग गाढ झोपेतला. त्यावर इंद्र जे म्हणतो ते वाचताना मला तूच दिसलास. तो म्हणतो, त्या अवस्थेत 'हा मी' असं स्वतःचंही भान नसतं, दुसऱ्या कशाचंही नसतं. जणू नाशच होतो. यात मला काही हित दिसत नाही. प्रजापती त्याला पाखंडी म्हणत नाही. "असंच आहे," म्हणतो, आणि आणखी ५ वर्षं थांबवून घेतो. अशी १०१ वर्षं. प्रश्न विचारल्याबद्दल कुणी हाकलून दिलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तू झोप आणि भूल वेगळी काढलीस, तेही बरोबरच. आत्ता आपण वापरतो तशी भूल जगाला नीट ठाऊक झाली १८४६ नंतर, पण मूर्च्छेचा विचार ब्रह्मसूत्रांनी, म्हणजे उपनिषदांचा अर्थ लावणाऱ्या जुन्या सूत्रग्रंथाने, केलाय. तिसऱ्या अध्यायात त्यावर एक स्वतंत्र सूत्र आहे. त्यावरच्या भाष्यात शंकराचार्य लिहितात, की झोपलेल्याचा चेहरा शांत असतो, हात लावला तरी तो उठतो; मूर्च्छित माणूस मुद्गराच्या घावानेही उठत नाही. म्हणून मूर्च्छा ही जागृती नाही, स्वप्न नाही, झोप नाही आणि मरणही नाही. सूत्र तिला अर्धीच प्राप्ती म्हणतं. किती बारकाईने माणूस पाहिलाय बघ.

मग उत्तर काय? बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला सांगतो: तो पाहत नाही असं वाटतं, तेव्हाही तो पाहतच असतो. द्रष्ट्याची दृष्टी लोपत नाही. पाहायला त्याच्याहून वेगळं दुसरं काही उरलेलं नसतं. अद्वैतवाले, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारे शंकराचार्यांचे अनुयायी, याला पुस्ती जोडतात, की उठल्यावर आपण "सुखाने झोपलो, काही कळलं नाही" म्हणतो. ही आठवण आहे, म्हणजे तो अनुभव घेणारं कुणीतरी होतं. नैयायिकांना, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनवाल्यांना, हे मान्य नाही. ते म्हणतात, ही आठवण नव्हे, उठल्यावर केलेलं अनुमान आहे. आत्मा नित्य आहे खरा, पण ज्ञान हा त्याचा येणारा-जाणारा गुण. मनाचा संयोग असेल तर उपजतो, नाहीतर नाही. तुझ्या भुलेपुरतं पाहिलं तर नैयायिकांची बाजू जड आहे, कारण तुझ्याकडे ती "सुखाने" एवढीही आठवण नाही.

तरी मी याज्ञवल्क्याकडेच आहे. जाणीव नव्हती हे तुला कळलं ते जाग आल्यावर. 'जाणीव नाही' असा अनुभव कुणालाच कधी येत नाही, येऊच शकत नाही. याने साक्षी, म्हणजे आतून नुसता पाहणारा तो आत्मा, तेव्हा होता हे सिद्ध होत नाही, हे मलाही दिसतं. तो नव्हता हेही होत नाही. "जाणणाऱ्याला कशाने जाणायचं?" असं तोच याज्ञवल्क्य आपल्या बायकोला, मैत्रेयीला विचारतो. स्कॅनमध्ये जे दिसेल ते दिसणारं असेल. पाहणारा त्यात सापडला नाही म्हणून तो नाहीच, हे मला पटत नाही.

पण त्याच संवादातलं एक वाक्य मला गेले काही दिवस झोपू देत नाही. मुलं मुलांसाठी प्रिय नसतात, आत्म्यासाठी प्रिय असतात. ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बाकावर बसले होते, तुझं घड्याळ आणि करगोटा रुमालात गुंडाळून हातात धरला होता. दारावरचा लाल दिवा विझेना. त्या वेळी मला सर्वव्यापी चैतन्य नको होतं, ते तर त्या बाकातही असेल. मला तू हवा होतास, डाव्या भुवईवर खोक असलेला, चिडका.

रामानुजाचार्यांनी हेच धरलंय. त्यांच्या मते 'मी' हाच आत्मा; तो गाढ झोपेतही असतो, फक्त स्पष्ट नसतो, आणि मोक्षातही नाहीसा होत नाही. 'मी'च उरणार नसेल, तर असा मोक्ष कोण मागेल? या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्ञानेश्वर 'अमृतानुभवा'त अज्ञान नावाचं काही आहे हेच खोडून काढतात. जग त्यांना चैतन्याचा विलास वाटतं, आभास नव्हे. म्हणजे तुझी ती खोकही त्यातच आली. आणि आपल्या सोलापूरचे सिद्धराम ज्या शरणांमधले, म्हणजे बसवण्णांच्या काळच्या शिवभक्त संतांमधले, ते बाराव्या शतकात लिंगांगसामरस्य म्हणत होते: जीव आणि शिव यांचं एकरस होणं, साधनेच्या सहाव्या पायरीवर, ऐक्यस्थळी पोचून. "सगळ्यांचं सांगणं शेवटी एकच" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नकोस. ही माणसं एकमेकांशी जीव तोडून भांडली आहेत.

छांदोग्याच्या आठव्या अध्यायातले सात ते बारा खंड वाच, फार मोठे नाहीत. इंद्राला शेवटी जे सांगितलं त्याने तुझं समाधान होतं का, ते कळव. माझं अर्धंच झालंय. गड्ड्याच्या यात्रेला येशील तेव्हा बोलू, पण तोवर फोनवर थोडं थोडं चालू ठेव. आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नकोस, रिपोर्ट बाबांना पाठव.

तुझी,
आई