चिठ्ठी तपासणारा फार्मासिस्ट दुकानात हवा

संपादक महोदय,

माझ्या वहिनींना गेल्या महिन्यात संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झाले. या विकारात ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते. मात्र औषधाच्या दुकानातील मुलाने कापलेली स्ट्रिप पाकिटात घालताना वर सवयीने १-०-०, म्हणजे रोज सकाळी एक, असे खरडले, घरी चिठ्ठी फाइलमध्ये आणि पाकीट डब्यात गेले, आणि वहिनी ती रोज सकाळी घेऊ लागल्या. पहिल्या दुकानात सोबत लिहिलेले फॉलिक ॲसिड शिल्लक नव्हते म्हणून चौथ्या दिवशी त्या बडोद्याच्या दांडिया बाजारातील दुसऱ्या दुकानात गेल्या. तेथील फार्मासिस्टने चिठ्ठी वाचून विचारले, "मासी, आ गोळी कया वारे लो छो?" (मावशी, ही गोळी कोणत्या वारी घेता?) वार कसला, रोजच घेते, असे वहिनींनी सांगताच त्याने हातातले काम टाकून डॉक्टरांना फोन लावला. गोळी थांबली, रक्ततपासणी झाली, तोंडात येऊ लागलेले फोडही बरे झाले. रोज घेतल्यास हे औषध हाडांतील रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाच दाबते, पांढऱ्या पेशी घटतात आणि जीवही जाऊ शकतो, हे आम्हाला नंतर कळले.

त्या फार्मासिस्टचे आभार मानताना एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की त्याने केले ते उपकार नव्हेत, ते त्याचे कामच आहे. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१५ च्या नियमावलीनुसार समोर आलेली प्रत्येक चिठ्ठी तपासणे, एकच औषध दोनदा तर लिहिलेले नाही ना, दोन औषधे एकमेकांना बाधत नाहीत ना, मात्रा व मुदत बरोबर आहे ना हे पाहणे नोंदणीकृत फार्मासिस्टवर बंधनकारक आहे. हृदयरोगतज्ज्ञ आणि घरचे डॉक्टर टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून देतात, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणारा माणूस गुडघेदुखीसाठी रक्तस्रावाचा धोका वाढवणारे डायक्लोफेनॅक मागतो. दोघांनाही अडवू शकणारा शेवटचा जाणकार काउंटरमागेच असतो. चिठ्ठीतले औषध परस्पर बदलण्याचा अधिकार त्याला नाही, आणि तो नसावाच. शंका आली तर डॉक्टरांना विचारावे, एवढेच. असा फोन आल्यावर काही डॉक्टर चिडतात असे ऐकतो. त्यात अपमान कसला, हे मला उमगत नाही.

ज्या बडोद्यात १९०७ साली अलेंबिक ही औषध कंपनी सुरू झाली आणि ज्याच्या विद्यापीठात फार्मसी शिकवली जाते, तेथेही मी जातो त्या बहुतेक दुकानांत प्रमाणपत्र भिंतीवर आणि औषध देणारा मुलगा काउंटरवर, असेच चित्र दिसते. दोष आपलाही आहे. चार प्रश्न विचारणारा दुकानदार आपल्याला भोचक वाटतो आणि दहा टक्के सूट देणारा चांगला. शिवाय चिठ्ठी तपासण्याचे फार्मासिस्टला वेगळे काहीच मिळत नाही, त्याची कमाई विक्रीवरच. इंग्लंडमध्ये २०११ पासून काही ठरावीक आजारांत नवे औषध सुरू झालेल्या रुग्णाशी बोलण्यासाठी फार्मसीला सरकारी आरोग्यसेवेकडून मोबदला मिळतो. आपल्याकडे असे काही होईपर्यंत राज्याच्या अन्न व औषध नियंत्रण प्रशासनाने तपासणीला जाताना भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरील व्यक्ती त्या वेळी दुकानात हजर आहे की नाही हे आवर्जून पाहावे, आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळीच्या पाकिटावर वार ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, बडोदे