आकडा वाढला तर वाढू द्या: गडचिरोलीच्या हिवतापाबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

मा. मंत्री महोदय,
सादर जोहार.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. हे पत्र एकाच विनंतीसाठी आहे. येत्या एक-दोन वर्षांत गडचिरोलीतल्या हिवतापाच्या रुग्णांचा आकडा वाढला, तर त्यासाठी कुणाला जाब विचारू नका. तो वाढेल अशी शोधमोहीम तुम्हीच हाती घ्या आणि तसा लेखी आदेश काढा. आरोग्यमंत्र्यांकडे असली मागणी कुणी करत नाही, हे मला कळते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देशात हिवताप खूप कमी झाला आहे. २०१५ साली देशभरात सुमारे ११ लाख ७० हजार रुग्ण नोंदले गेले होते, २०२३ मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. ही फार मोठी कमाई आहे आणि ती आशा, आरोग्य सेवक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या कष्टाची आहे. पण जो हिवताप उरला, तो जंगलातल्या आदिवासी गावांत उरला. २०२१ साली महाराष्ट्रात नोंदल्या गेलेल्या सुमारे १९ हजार रुग्णांपैकी १२ हजारांहून अधिक एकट्या गडचिरोलीचे होते. राज्याच्या लोकसंख्येत या जिल्ह्याचा वाटा एक टक्काही नाही. जिल्ह्यातही तो सारखा पसरलेला नाही. वडसा-आरमोरीकडे तो तुरळक आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, अहेरी या पट्ट्यात, माडिया आणि गोंड टोल्यांत (पाड्यांत) तो ठाण मांडून आहे. २०२७ पर्यंत देशात स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करायचे, हे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते या चार-पाच तालुक्यांत पार पडेल किंवा अडेल.

आपली यंत्रणा तापाची वाट बघते. कुणाला ताप आला की आशा किंवा आरोग्य सेवक बोट टोचून रक्त घेतो, किटवर तपासतो, काचपट्टी प्रयोगशाळेत पाठवतो. वर्षाकाठी लोकसंख्येच्या दहा टक्के रक्तनमुने घेतले की उद्दिष्ट पूर्ण. शहरासाठी ही रीत ठीक आहे. आमच्याकडे तिच्यातून निम्मी गोष्ट निसटते, कारण आमच्याकडे मलेरियाचे जंतू अंगात घेऊन हिंडणाऱ्या कितीतरी माणसांना ताप येतच नाही.

एकदा एका टोल्यावर तापाच्या मुलीसाठी गेले होते. तिच्या रक्तात पीएफ, म्हणजे फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक जंतू निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी म्हणून किट काढले, तर आजोबा हसायलाच लागले. ते नुकतेच जंगलातून डोक्यावर जळतण घेऊन आले होते, घामाने अंग भिजलेले, ताप नाही, डोके दुखत नाही. नातीसाठी म्हणून त्यांनी बोट पुढे केले. पंधरा मिनिटे आम्ही ओसरीवर बसून राहिलो आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटली. मग आजीची तपासणी केली, तिचीही तशीच निघाली. त्या घरात आजारी एकच होती, पण जंतू तिघांच्या रक्तात होते. नियमाने गेले असते तर मुलीला औषध देऊन निघाले असते, आणि त्याच घरातल्या डासांनी आजोबांच्या रक्तातून जंतू उचलून महिन्याभरात घरात नवा रुग्ण तयार केला असता.

लहानपणापासून पुन्हा पुन्हा लागण झाल्यामुळे इथल्या मोठ्या माणसांच्या शरीराला जंतू थोडेफार सोसायची सवय होते. ते आजारी दिसत नाहीत, पण रक्त हळूहळू आटत जाते, थकवा येतो, आणि डासाला संसर्ग त्यांच्याकडूनही होतो. मुलांना हे संरक्षण नसते. फाल्सिपेरमचा ताप मुलाच्या मेंदूत जायला दोन-तीन दिवस पुरतात. गरोदर बाईला तो गर्भासकट धोक्यात घालतो. जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. त्याचा एकच जनुक असलेल्यांना गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, पण प्रत्यक्ष सिकलसेलच्या रुग्णाला मलेरिया झाला तर जिवावर बेतते. म्हणजे मरण एका घरात होते आणि त्याचे मूळ शेजारच्या धडधाकट माणसात असते. त्या धडधाकट माणसाकडे जाणारी सरकारी वाट आजतरी नाही.

ती का नाही, हे मासिक सभांना बसलेल्या माणसालाच कळते. ज्या उपकेंद्रात रुग्ण जास्त निघाले, त्याला उभे करून विचारतात, "तुमच्याकडेच कसे वाढले?" स्पष्टीकरण मागतात, कधी नोटीसही निघते. ज्याने घरोघर फिरून शोधले तो अपराधी ठरतो, ज्याने तापाची वाट बघितली त्याचा तक्ता स्वच्छ दिसतो. माझ्या बरोबरीच्या अत्यंत प्रामाणिक माणसांना मी यामुळे हात आखडता घेताना पाहिले आहे. त्यांना दोष देववत नाही, कारण पगार, बदली, गोपनीय अहवाल हे सगळे त्या तक्त्याशी बांधलेले असते. हे आपल्या एका आदेशाने बदलू शकते आणि त्याला पैसा लागत नाही.

सगळ्यांचे रक्त तपासणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना पूर्वेकडची दोन राज्ये दाखवा. ओडिशाने २०१७ पासून दुर्गम गावांत शिबिरे लावून ताप असो-नसो प्रत्येकाची तपासणी केली आणि जंतू सापडले त्यांना तिथेच औषध दिले. त्या राज्यात २०१७ साली साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते, २०१८ मध्ये ते सत्तर हजारांच्या आत आले. पुढे जानेवारी २०२० मध्ये छत्तीसगडने बस्तरात हेच सुरू केले. तिथेही जंतू सापडलेल्यांत ताप नसलेली माणसे मोठ्या संख्येने होती. हे बस्तर आमच्यापासून दूर नाही. भामरागडची माणसे इंद्रावतीपलीकडे बाजाराला जातात, मुली देतात-घेतात. डासाला आणि जंतूला राज्याची हद्द नसते, म्हणून आपली फेरी आणि छत्तीसगडची फेरी एकाच पंधरवड्यात व्हायला हवी. दोन्हीकडच्या जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांनी एकत्र बसून तारखा ठरवाव्यात. आज ते होताना मला दिसत नाही.

मोहीम मात्र लोकांच्या दिनक्रमाप्रमाणे आखा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून घर मोहफुलाखाली असते. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे जंगलात मुक्कामाला जातात, उघड्यावर झोपतात. जुलैत रोवणी. पुढे धान राखायला शेतातल्या झोपडीत रात्री काढतात. सकाळी अकरा वाजता गावात गेलेल्या पथकाला म्हातारी माणसे आणि बंद दारे भेटतात, आणि मग अहवालात "लोकांचा प्रतिसाद नाही" असे लिहिले जाते. पथकाने गावातच मुक्काम करावा, संध्याकाळी तपासणी करावी, तेंदूच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा होतात तिथे, जावे. जूनअखेर आश्रमशाळा उघडल्या की प्रत्येक मुलाचे रक्त पहिल्या आठवड्यातच तपासावे, कारण सुट्टीत घरी गेलेली शंभर गावांची मुले तिथे एका छपराखाली येतात. आणि एक फेरी पुरणार नाही. रक्तात जंतू फार थोडे असतील तर किटला ते दिसत नाहीत, म्हणून पावसाआधी आणि पावसानंतर, अशा फेऱ्या सलग तीन वर्षे तरी हव्यात.

फवारणी आणि मच्छरदाण्या चालू राहिल्याच पाहिजेत, पण त्यांच्यावर किती भार टाकायचा ते नीट पाहा. फवारणीचे औषध भिंतीवर काही महिने काम करते. घरातल्या बाईने सणाला भिंत सारवली की ते मातीखाली जाते. सारवू नका म्हणून सांगणे सोपे आहे. फवारणीची तारीख सणानंतर ठेवणे जास्त शहाणपणाचे. कीटकनाशक भारित मच्छरदाणी तीनेक वर्षे टिकते, पण ती घरापुरती. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपणाऱ्याला, शेतातल्या झोपडीत राहणाऱ्याला ती टांगायला जागाच नसते. आणि कृपा करून कूलर, टायर, नारळाच्या करवंट्या दाखवणारी पत्रके आमच्या टोल्यांवर पाठवू नका. ती डेंग्यूच्या डासासाठी आहेत. आमचा डास नाल्याच्या संथ, स्वच्छ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांत वाढतो. त्या पाण्यात काय करायचे, ते माडिया भाषेत आणि माडिया माणसाच्या तोंडून सांगायला हवे.

औषधाबद्दलही एक गोष्ट सांगते, कारण ती कागदावर कुठे दिसत नाही. फाल्सिपेरमच्या गोळ्यांची पाकिटे वयाप्रमाणे रंगीत असतात. बाळाचे गुलाबी, मग पिवळे, हिरवे, लाल, मोठ्यांचे पांढरे. डोस तीन दिवसांचा. पहिल्या दिवशी गोळ्या घेतल्या की ताप उतरतो, माणूस कामाला जातो, आणि उरलेले पाकीट पुढच्या तापासाठी कुडाच्या भिंतीत खोचून ठेवतो. मी अशी पाकिटे स्वतः काढली आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी समोर उभे राहून गोळ्या दिल्याशिवाय डोस पुरा होत नाही, आणि ते कुणीतरी म्हणजे त्या टोल्यावरचीच आशा. तिचा मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे. तिच्या पिशवीतले किट आणि गोळ्या ऑगस्टमध्ये संपून चालत नाहीत. पावसाळ्याच्या आधी दुर्गम गावांत चार महिन्यांचे धान्य पोचवायची व्यवस्था शासनाला जमते. त्याच गाडीतून चार महिन्यांचे किट, गोळ्या आणि हातमोजे जाऊ शकतात.

पुजाऱ्याकडे (गावात झाडफूक करणाऱ्याकडे) नेले म्हणून मूल गेले, असे प्रत्येक मृत्यूनंतर छापून येते. लोक आधी पुजाऱ्याकडे जातात हे खरे आहे. तो गावात आहे, रात्री उठतो, त्यांच्या भाषेत बोलतो. दवाखाना नाल्यापलीकडे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात तापाने गेलेल्या दोन लहान भावांचे देह आई-वडिलांनी खांद्यावर घेऊन चिखलातून वाट तुडवली, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. सुरजागडच्या पहाडावरून लोहखनिजाचे ट्रक उतरतात, त्यांच्यासाठी रस्ते होतात. त्याच मुलखात पावसाळ्यात रुग्णाला आजही खाटेची कावड करून नाला पार करावा लागतो. त्या आई-बापांना अंधश्रद्ध म्हणण्याआधी रपट्याच्या जागी पूल द्या. आणि पुजाऱ्यांना हिणवण्याऐवजी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना बोलावून मानाने बसवावे, तापाचे मूल आले तर पूजा करताकरताच आशालाही बोलवा, एवढे पटवून द्यावे. मी असे पुजारी पाहिले आहेत जे आपणहून निरोप धाडतात.

महोदय, हिवतापमुक्त गडचिरोलीचा संकल्प शासनाने बोलून दाखवला आहे. तो मनापासूनचा आहे असे मी धरून चालते. म्हणूनच सांगते, पहिल्या फेरीनंतर आकडा चढेल, वर्तमानपत्रांत "गडचिरोलीत मलेरियाचा उद्रेक" असे मथळे येतील, विधानसभेत प्रश्न विचारला जाईल. त्या दिवशी तुम्ही सभागृहात उभे राहून "हे रुग्ण आम्ही शोधून काढले" असे सांगितले, तर खाली उपकेंद्रापर्यंत प्रत्येकाच्या अंगात बळ येईल. त्या दिवशी खुलासा मागवलात, तर पुढच्या महिन्यात तक्ते पुन्हा स्वच्छ होतील आणि मुले मरत राहतील.

पहिली फेरी तेंदूच्या हंगामाआधी व्हायची असेल, तर किट आणि गोळ्यांची मागणी डिसेंबरातच नोंदवावी लागते आणि पथकांत माडिया बोलणारी मुले-मुली जानेवारीत घ्यावी लागतात. आदेश त्याच्याही आधी निघायला हवा. त्यात एक वाक्य एवढे असावे, की शोधमोहिमेत वाढलेल्या रुग्णसंख्येवरून कोणत्याही कर्मचाऱ्याचा खुलासा मागवला जाणार नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जि. गडचिरोली