सर, तुमच्या शनिवारच्या बैठकीसाठी

आदरणीय सर,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

निरोप समारंभ नको, शाल-श्रीफळ नको, भाषण तर नकोच, असं निक्षून सांगून तुम्ही पुण्याचं घर आवरलंत आणि वसईला वाडीवर राहायला गेलात. बैठकीतल्या सगळ्यांनी तुमचं मुकाट ऐकलं. पण पत्र नको असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात, तेव्हा मी ही पळवाट शोधली. आणि पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. तुम्ही काय केलंत हे आम्हा पंधरा-वीस जणांपुरतंच राहू नये, एवढाच हेतू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर वसईचे कॅथलिक. मराठी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी त्यांच्या हॉलमध्ये बैठक भरायची. वसईकडची कॅथलिक मंडळी, आमच्यासारखे नगर-जालन्याकडून पोटासाठी पुण्यात आलेले प्रोटेस्टंट, एक मेथडिस्ट जोडपं, पिंपरीत भाड्याच्या हॉलमध्ये उपासना करणाऱ्या नव्या फेलोशिपमधली गिटार वाजवणारी पोरं, आणि चर्चला जाणंच सोडलेले काही जण, असे सगळे त्यात. विषय फिरून फिरून एकच: आपल्या ख्रिस्ती असण्याचं पुढे काय होणार?

सर, सगळ्यात आधी आभार मानायचे ते तुम्ही या बैठकीची भक्तिसभा होऊ दिली नाहीत म्हणून. आपली रीत तुम्हाला माहीत आहे. चार ख्रिस्ती माणसं जमली की एक गीत, एक प्रार्थना, आणि मग कुणीतरी पुस्तक उघडून तासभर संदेश देणार. बाकीच्यांनी अधूनमधून आमेन म्हणायचं आणि शेवटी चहा घ्यायचा. संदेशाचं मला वावडं नाही, माझं लहानपण त्यावरच गेलं. पण ज्याच्या मनात प्रश्न आहे त्याने तो काढायचा कुठे? रविवारी चर्चच्या दारात पाळकसाहेबांशी हात मिळवताना? तिथे मागे रांग उभी असते.

तुम्ही पद्धत आणलीत ती थेट रोमहून, पण तिचा बाऊ केला नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या ऑक्टोबरात सिनडचा, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या सभेचा, प्रवास सुरू केला. धर्मग्रामाधर्मग्रामांतून, म्हणजे प्रत्येक स्थानिक चर्चमधून, लोकांचं ऐका, असं सांगितलं. मग २०२३ च्या ऑक्टोबरात व्हॅटिकनच्या सभागृहात कार्डिनल, बिशप, सिस्टर, प्रापंचिक स्त्री-पुरुष गोल टेबलांभोवती एकत्र बसले. स्त्रियांना सिनडमध्ये मताचा अधिकार त्या वर्षी पहिल्यांदा मिळाला. टेबलावरचा नियम साधा होता. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं म्हणणं मांडायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग थोडा वेळ शांतता. दुसऱ्या फेरीत आपलं घोडं दामटायचं नाही, इतरांचं ऐकून मनात काय उमटलं तेवढंच सांगायचं. तिसऱ्या फेरीत सगळ्यांनी मिळून पाहायचं की आपण कुठे जुळतो आणि कुठे नाही. तुम्ही यात भर घातलीत ती तीन मिनिटांच्या घड्याळाची आणि सुकेळीच्या, म्हणजे वसईच्या सुकवलेल्या केळ्यांच्या, बशीची. तुमचं म्हणणं होतं, बिशपांना हे जमतं तर आपल्याला का जमू नये. आणि वर हसून, ‘‘बिशपांना जमलं हेच नवल,’’ असंही म्हणाला होतात.

पोपसाहेबांची पद्धत म्हटल्यावर आमच्याकडच्या काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पुढे कुणालाच ती परकी वाटेनाशी झाली. याचं श्रेय मी तुमच्यातल्या इतिहासाच्या मास्तरला देते, कारण तुम्ही दरवेळी आपल्याच मातीतलं काहीतरी काढून पुढे ठेवायचात. आमच्या चर्चचा जन्म २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाला हे मला ठाऊक होतं. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, हे कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात पाठच केलं होतं. पण त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती, हे मी तुमच्या तोंडून ऐकलं. चाळीस वर्षं! बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की जाणतेपणी, बिशप असावा की नसावा, यावर माणसं चाळीस वर्षं एकमेकांशी बोलत राहिली. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती एकाच घरात नांदू लागल्या. आणि आम्ही दोन बैठकींत निकाल लागत नाही म्हणून कुरकुरत होतो.

टिळकांचंही तसंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो. पण आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्याबद्दल आमच्या व्यासपीठावरून फारसं कुणी बोलत नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र बसणार होते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार काही रुजला नाही. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा एका हिंदू घरात लग्न झालेली आमची मैत्रीण कोपऱ्यात बसलेली होती. तिचा नवरा तिला सोडायला यायचा आणि बैठक संपेपर्यंत खाली स्कूटरवर मोबाइल बघत बसायचा. पुढच्या महिन्यात तो वर आला. तुम्ही त्याला बोलावलं नव्हतं, तिने बोलावलं. त्याने पहिल्या फेरीत विचारलं, ‘‘मुलाला दोन्हीकडचं शिकवलं तर तुमच्यापैकी कुणाला राग येईल?’’ एक-दोघांना आला. त्यांनी तो नियमाप्रमाणे आपापल्या तीन मिनिटांत सांगितला. तो मात्र पुढेही येत राहिला.

पण ज्या संध्याकाळसाठी मी हे पत्र लिहायला घेतलं, ती जातीच्या दाखल्याची. आठवत असेलच. वसईचे एक गृहस्थ, माणूस अगदी सज्जन, बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, ‘‘आपल्या ख्रिस्ती लोकांत जातपात नसते, ही आपली मोठी जमेची बाजू.’’ समोर चाकणच्या कंपनीत काम करणारा, मूळचा जालन्याकडचा आमचा एक भाऊ बसला होता. त्याची पाळी आली. आवाज न चढवता तो म्हणाला, ‘‘साहेब, आमच्या घरात दोन चुलतभाऊ. दोघांचा आजा एकच, दोघं एकाच चर्चमध्ये जातात. माझ्या बापाने शाळेत नाव घालताना ख्रिस्ती लिहिलं, चुलत्याने हिंदू लिहिलं. त्याला स्कॉलरशिप मिळाली, नोकरी मिळाली. मला गावात जात आहे, तहसीलमध्ये नाही.’’ एवढं बोलून तो थांबला. घड्याळात अजून बराच वेळ होता.

कुणीतरी लगेच समजूत काढायला तोंड उघडलं आणि तुम्ही नुसता हात वर केलात. शांतता म्हणजे शांतता. एरवी मला ती अवघडून टाकते, त्या दिवशी तर फारच. मग कायद्याचा भाग तुम्ही दोन वाक्यांत सांगितलात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढा म्हणून शिफारस केली, २०२२ मध्ये त्याच प्रश्नावर पुन्हा नवा आयोग बसला. दुसऱ्या फेरीत वसईच्या त्या गृहस्थांची पाळी आली. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, ‘‘मी ऐकलं ते असं की ह्यांना रविवारी एक नाव आणि सोमवारी दुसरं नाव लावावं लागतं. आणि आमच्याकडे जात नाही असं मी म्हणालो, पण लग्न जमवताना सामवेदी, वाडवळ, कोळी हे आम्ही पाहतोच की.’’

त्या संध्याकाळी कुणी ठराव केला नाही, कुणी कुणाची माफी मागितली नाही. पुढच्या गुड फ्रायडेला मात्र ते गृहस्थ पत्नीला घेऊन आमच्या चर्चमध्ये येऊन बसले. वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांचे संदेश, तीन तासांची उपासना. बाहेर पडताना वहिनी मला म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे माणसं बसतात किती हो!’’

याच ठिकाणी मला आमच्या एका नावडत्या सवयीबद्दल बोलायचंय. ख्रिस्ती धर्माच्या भविष्याची चर्चा निघाली की आमच्यातले हुशार लोक लगेच जगाचे आकडे काढतात. तेही खोटे नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातले सर्वांत जास्त ख्रिस्ती आता युरोपात नाहीत, सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत आहेत. युरोपात लोक चर्च सोडतायत, आफ्रिकेत चर्चं भरतायत. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण सुमारे १० लाख ८० हजार होतो, शंभरात एकसुद्धा नाही. त्या शंभरातल्या एकाच्या घरात काय चाललंय हे विचारायला तुमच्याशिवाय कुणाला सवड नव्हती. वसईतली मुलं कॅनडाला आणि आखातात जातात, नगरची पुण्याला येतात, पुण्याची मुलं इंग्रजी उपासनेला जातात आणि मराठी चर्चच्या बाकांवर पिकली डोकी उरतात. मिशनच्या जुन्या जागांचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. तरुण पोरं विचारतात, की मंडळी वाचवायची आहे की कंपाउंड? तुम्ही हे प्रश्न त्यांना विचारू दिलेत, आणि विचारणाऱ्याला ‘अविश्वासू’ म्हणू दिलं नाहीत.

आमच्या मुलीबद्दल वेगळं लिहिते. कॉलेजात गेल्यापासून तिने चर्च सोडलं होतं. मी रागावले, सासऱ्यांनी वचनं ऐकवली, काही उपयोग झाला नाही. तुमच्या बैठकीला ती आली ती माझ्यावर उपकार म्हणून. त्या दिवशी स्त्रियांचा विषय होता. पिंपरीच्या फेलोशिपमधला एक मुलगा म्हणाला की बायबलमध्ये प्रेषित पौलाने स्त्रियांना सभेत गप्प राहायला सांगितलंय. आमची मेथडिस्ट वहिनी शांतपणे म्हणाली, की दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ मध्येच पुष्पललिता नावाच्या बाई नंद्यालच्या बिशप झाल्या. वसईच्या बायकांनी एकदम विचारलं, ‘‘बाई? बिशप? अंगठी, काठी, सगळं?’’ हॉलभर हशा. मग तुम्ही सांगितलंत, की लहानपणी तुम्ही वेदीपाशी फादरना मदत करणारे वेदीसेवक होतात तेव्हा मिस्साची, म्हणजे कॅथलिक उपासनेची, उत्तरं लॅटिनमध्ये घोकलेली असायची, एक अक्षर कळायचं नाही. १९६२-६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना वाटलं आता धर्म बुडाला. ‘‘बुडाला नाही,’’ म्हणालात. ‘‘भजनं मात्र वाढली.’’

मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात न सांगता तयार होऊन बसली. आज ती चर्चला जाते का? कधीमधी. मी विचारणं सोडलंय. पण बैठकीची वही आता तिच्याकडे आहे, आणि ‘बोललं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही’ हा तुमचा नियम ती माझ्यासाठीसुद्धा मोडत नाही.

सगळेच तुमच्यावर खूश होते असं नाही, हेही लिहायला हवं. दोन कुटुंबं नुसती बडबड म्हणून निघून गेली. त्यांना काहीतरी करायचं होतं, निवेदन, मोर्चा, निदान एखादं शिबिर. मलाही कधी कधी वाटायचं की सर कुठल्याच बाजूने का बोलत नाहीत. दाखल्याच्या प्रश्नावर तरी बैठकीने एक पत्र पाठवायला हवं होतं, असं माझं आजही मत आहे, आणि ते मी पुन्हा मांडणार आहे. पण एक कबूल करते: ते पत्र आता लिहिलं गेलं तर त्यावर वसईच्या त्या गृहस्थांची सही पहिली असेल. आधी लिहिलं असतं तर ती नसती.

व्हॅटिकनमध्ये २०२८ च्या ऑक्टोबरात या सिनडच्या पुढची मोठी सभा आहे म्हणतात. तोपर्यंत आमचं चालू ठेवायचं असं ठरलंय. तुमचा हॉल गेल्यामुळे बैठक आता घरोघरी फिरते. गेल्या महिन्यात मेथडिस्ट वहिनींकडे झाली, फेलोशिपच्या पोरांनी गिटार आणली होती, आणि शांततेच्या वेळात ती वाजवायची नाही हे त्यांना तुमच्या नावाने बजावावं लागलं.

पुढची बैठक आमच्या घरी आहे. विषय मुलांनी निवडलाय: चर्च सोडून गेलेल्यांना बोलवायचं, की आपणच त्यांच्या घरी जायचं? सासरे पहिल्यांदाच बसणार आहेत आणि मुलीने त्यांना घड्याळ आधीच दाखवून ठेवलंय. तुम्ही व्हिडिओ कॉलवर या. सुकेळी कुणाबरोबर तरी पाठवा, इकडे मिळतात त्यांना ती चव नाही. आणि पाळी आली की तुम्हालाही तीनच मिनिटं.

आपली,
बैठकीतली एक,
पुणे